सत्तर नंबरचा वाफा

चिमटामावशीला खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. कधी एखादा नवा कारकून ते मोठ्याने वाचायचा, तेव्हा मावशी स्वतःच मागे वळून बघायची, ही कोण बाई आली म्हणून. एरवी जवाच्या संशोधन केंद्रात ती सगळ्यांची मावशी, आणि चिमटा तिच्या हातातला. तेहतीस वर्षं ती तिथे एकच काम करत होती. जवाची लग्नं लावायचं.

लग्न हा शब्द तिचाच. जव हे पीक भलतं घरकोंबडं. एकाच फुलात नवरा-बायको दोघं राहतात आणि फूल धड उघडायच्या आधीच आतल्या आत सगळं उरकून मोकळे होतात. बाहेरच्या कोणाची त्यांना गरज नाही. म्हणून दोन वाणांचा संकर करायचा तर कोणीतरी मध्ये शिरून संसार मोडावा लागतो. कणीस कोवळं असताना, कुसळं पानातून जेमतेम डोकावत असताना, मावशी ते धरायची, इवल्याशा कात्रीने एकेका फुलाचं टोक उडवायची आणि चिमट्याने आतले तीन हिरवे पुंकेसर उचलून टाकायची. तीन म्हणजे तीन. एक जरी राहिला तरी तो लबाड आत बसून आपलं काम करून जाणार आणि सगळी मेहनत पाण्यात. मग कणसावर कागदी पिशवी, पिशवीवर तारीख, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचं कणीस आणून त्याचा पराग आत झटकायचा.

"माझा नवरा न्हावी आहे," ती नव्या माणसाला सांगायची. "तो माणसांच्या मिशा कापतो, मी जवाच्या. फरक एवढाच, की माझी गिऱ्हाइकं कापताना राजकारणावर बोलत नाहीत."

केंद्राचे मोठे साहेब म्हणजे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. वरच्या खिशात कायम लाल पेन्सिल. वीस वर्षांपूर्वी त्यांनी जवाचा एक वाण काढला होता आणि तो खरोखर चांगला निघाला, हीच त्यांची अडचण झाली. त्यानंतर त्यांना दुसरा कुठलाच पसंत पडेना. त्या वाणाला केंद्रात सगळे 'लाडका' म्हणत, अर्थात साहेबांच्या माघारी. साहेबांचं प्रत्येक वाक्य "मी म्हणतो म्हणून नाही, पण" इथून सुरू व्हायचं आणि ते म्हणताहेत म्हणूनच संपायचं. मावशीला त्यांचा आवाज हुबेहूब जमायचा. एकदा बियाण्याच्या खोलीतून तिने नुसतं "मी म्हणतो म्हणून नाही, पण चहा कुठे अडला" एवढं म्हटलं, तर गोदामात पोत्यांवर लवंडलेले दोघे ताडकन उभे राहिले, आणि एकाने तर चूक नसताना माफी मागून टाकली.

अकरा वर्षांपूर्वी साहेब एकदा खुशीत होते. त्या वर्षीच्या संकरांची यादी मावशीच्या हातात देताना म्हणाले, "मी म्हणतो म्हणून नाही, पण शेवटचं एक तुमच्या मनाने लावा." बहुतेक गंमत म्हणून म्हणाले असतील. मावशीने गंमत म्हणून घेतलं नाही. तिने लाडक्याचा पराग घेतला आणि कोपऱ्यातल्या एका जुनाट, कोणी न विचारणाऱ्या जवावर टाकला. त्या जुन्या जवाची काडी जाड होती आणि दाणा असा गच्च भरायचा, की नखाने दाबला तर नखालाच लागावं. हे कुठल्या वहीत नव्हतं. मावशीच्या बोटांना माहीत होतं.

त्यातून जे निघालं त्यातलं चांगलं तेवढं निवडत, दरवर्षी पेरत, सहाव्या वर्षी तो जव पाहणीत उतरला.

पाहणी म्हणजे केंद्राची वार्षिक परीक्षा. थंडी ओसरून माती बोटाला चिकटेनाशी झाली, की शेतात एकापुढे एक नव्वद वाफे पेरायचे. वाफ्यावर फक्त नंबराची खुंटी. कुठल्या वाफ्यात काय आहे हे साहेबांना कोणी सांगायचं नाही. भरउन्हाळ्यात कणसं पिवळी पडली, की साहेब एक नंबरपासून चालायला लागणार. प्रत्येक वाफ्यात दोन काड्या मोडून बघणार, चार दाणे चावणार, थुंकणार आणि दहापैकी गुण सांगणार. शिवाय कापणी झाल्यावर वाफ्यावाफ्याचं धान्य वेगळं मोजायचं. हे तोलायचं कशाशी, तर लाडक्याशी. म्हणून दर दहावा वाफा लाडक्याचा असायचा. दहा, वीस, तीस, असे. नवा वाण आपल्या सगळ्यात जवळच्या लाडक्याहून कमी भरला, की त्याच्यावर लाल पेन्सिल फिरली.

पहिल्या वर्षी साहेबांनी मावशीच्या जवाला चार गुण देऊन शेरा मारला, 'मान टाकतो.' लाडकाही पिकला की मान खाली घालायचा, पण तिथे साहेबांचा शेरा असायचा 'नम्र'. दुसऱ्या वर्षी शेरा आला, 'फार उंच.' तिसऱ्या वर्षी, 'फार बुटका.' बी तेच, शेत तेच. तीनदा नापास झालेल्याला चौथी संधी नाही, असा केंद्राचा नियम. उरलेलं बी कोंबड्यांना.

मावशीने तीन ओंजळी बी पत्र्याच्या डब्यात लपवलं आणि गोदामामागे भाजीच्या वाफ्याएवढ्या जागेत दोन वर्षं पेरून ते जिवंत ठेवलं. आता यंदा पानगळीच्या सुमाराला ती निवृत्त होणार होती. निरोपाची भाषणं ऐकायची तिची तयारी होती. भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं, तेही ती घेणार होती. पण आपली पाठ फिरली की कोणीतरी तो डबा उघडणार, हुंगणार, "हे काय जुनंपानं" म्हणणार आणि कोंबड्यांपुढे उधळणार, हे मात्र तिला सहन होत नव्हतं. अकरा वर्षांचं लेकरू कोंबड्यांनी टिपायचं म्हणजे काय.

तिने एक गोष्ट फार वर्षांपूर्वी हेरली होती. साहेब सकाळी निघायचे ते चहावर. चाळिसाव्या वाफ्यापर्यंत माणूस राजा. पन्नासला ऊन डोक्यावर. साठच्या पुढे पोटात कावळे ओरडायला लागले, की कुठल्याही वाफ्याला पाचाच्या वर गुण नाहीत. मावशीचा जव यादीत उशिरा आलेला, म्हणून तिन्ही वर्षं सत्तरच्या आसपास सापडलेला. त्या वेळी साहेबांना फक्त एकच वाण गोड लागायचा. दर दहाव्या वाफ्यातला.

पेरणीआधी नव्वद पाकिटं क्रमाने लावायचं काम मावशीचंच. पाकीट सत्तर तिने हळूच रिकामं केलं आणि त्यात आपल्या डब्यातलं बी भरलं.

घरी नवऱ्याच्या कानावर घातलं, तेव्हा तो वस्तऱ्याला धार लावत होता.

"म्हणजे साहेबाला फसवलंस."

"फसवलं कुठे? बघायचंय मला एकदा, आपला आहे असं वाटलं की काय बोलतो ते. ऐकलं की झालं."

"तुझं कधी ऐकून झालंय?" तो म्हणाला. "ऐकून घरी येतेस आणि मग मला दोन तास ऐकवतेस."

उन्हाळ्यात पाहणीचा दिवस आला. गुण लिहून घ्यायला त्या वर्षी 'टोपी' होती. टोपी म्हणजे दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली तरुण संशोधक. डोक्यावर एवढी मोठी गवती टोपी, की पावसात तिच्याखाली दोघं मावावीत. तिचाही एक वाण यंदा पाहणीत होता, तिचा पहिलाच, पण कुठल्या वाफ्यात ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नव्हतं. मावशी खुंट्या सरळ करायच्या निमित्ताने मागे मागे.

साठ गेला. एकसष्टला तीन, बासष्टला चार. अडुसष्टला साहेबांनी दाणा नीट न चावताच "पाच" म्हटलं. टोपीची पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुन्हा चालली. एकोणसत्तरला त्यांनी घड्याळ बघितलं. मग सत्तरची खुंटी दिसली आणि साहेबांचा चेहरा शाळा सुटल्यासारखा झाला.

ते आत शिरले. काडी वाकवली, ती मोडेना. पुन्हा वाकवली. कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे चावले, आणि थुंकले नाहीत. गिळले.

"मी म्हणतो म्हणून नाही, पण हे बघा. वीस वर्षं झाली, अजून कोणी याच्या जवळ येत नाही. दाणा बघा. काडी बघा. आणि मान कशी खाली. याला म्हणतात संस्कार. लिहा, नऊ."

मावशी खुंटीपाशी वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. टोपीने विचारलं, "मावशी, कंबर धरली का?" मावशीने नुसताच हात हलवला. तोंडात पदराचा बोळा होता.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला अख्खा प्रसंग साहेबांच्या आवाजात तीनदा करून दाखवला. तिसऱ्यांदा 'संस्कार'ला तो इतका हसला, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला अर्धं बोट वर गेला आणि जोडी जमवायला दुसराही न्यावा लागला.

तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण कापणी झाली, धान्य काट्यावर चढलं, आणि मावशीच्या लक्षात आलं की आपण नुसतं ऐकून थांबलेलो नाही.

निकालाची बैठक बियाण्याच्या खोलीत व्हायची. लांब टेबल, चाळण्या भिंतीला टांगलेल्या, कोपऱ्यात वजनकाटा आणि काट्यापाशी स्टुलावर मावशी. साहेबांनी कागद पसरले. लाडका बाकी आठ ठिकाणी सहा किलोच्या अलीकडेपलीकडे भरला होता. सत्तरला सात किलो दोनशे.

"खालच्या टोकाची माती माझ्या वाणाला मानवली," साहेब समाधानाने म्हणाले. "आता तिथल्या बाकीच्यांना ती का मानवली नाही, ते त्यांनी सांगावं." आणि पेन्सिल काढली. सहासष्ट, लाल रेघ. सदुसष्ट, लाल रेघ. "अडुसष्ट. सहा किलो चारशे. हं. वरच्या अंगाला असता तर पास होता. पण शेजारचा माझा वाण सात-दोनशे म्हटल्यावर काय करणार." लाल रेघ.

टोपीने टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्या कडेची एक काडी ओढायला लागली. मग दुसरी. ती काडी ओढायची पद्धत बघून मावशीला कळलं, अडुसष्ट कोणाचा ते.

साहेबांनी पाच वर्षांपूर्वी, चार वर्षांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी तिच्या जवाचं जे केलं होतं, तेच आज तिने या पोरीच्या जवाचं केलं होतं. तेही साहेबांना न विचारता, त्यांच्याच पेन्सिलीने.

तिने आधी पळवाट शोधली.

"साहेब, काटा बिघडला असेल."

"रोज सकाळी काटा तुम्हीच तपासता."

"चिमण्यांनी घोळ केला असेल."

"चिमण्या धान्य खातात, मावशी. आणून टाकत नाहीत."

"पेरणीत पाकिटं इकडची तिकडे झाली असतील."

"पाकिटं कोण लावतं?"

"मी," मावशी म्हणाली, आणि स्टुलावरून उठली. आता मागे फिरायला जागाच नव्हती. "मीच केली इकडची तिकडे. सत्तरमध्ये लाडका नव्हता. म्हणजे तुमचा वाण नव्हता. माझा होता."

साहेबांची पेन्सिल कागदावरच थांबली.

"तुमचा कोणता?"

"तुम्ही तीनदा नापास केलेला."

साहेबांनी गुणांचा कागद ओढून घेतला. सत्तर नंबरच्या ओळीवर बोट ठेवून ते ओठांतल्या ओठांत वाचत गेले. बोट 'संस्कार'पाशी थांबलं. टोपीने पाहणीच्या दिवशी ते इमानदारीने लिहून ठेवलं होतं.

"आधी काय शेरे होते माझे?" त्यांनी विचारलं.

मावशीला पाठ होते. "मान टाकतो. फार उंच. फार बुटका."

"एकाच वाणाला?"

"एकालाच. आता तो दर वर्षी उंची बदलत असेल तर मला माहीत नाही."

टोपीने तोंडासमोर टोपी धरली आणि खोकली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"दिसायला अगदी माझ्यासारखा होता," ते म्हणाले. मग दुरुस्त केलं, "माझ्या वाणासारखा."

"बाप तुमचाच आहे त्याचा. पराग लाडक्याचाच घेतला होता." मावशीच्या तोंडून लाडका हे नाव साहेबांसमोर दुसऱ्यांदा गेलं, पण आता त्याचं कोणाला काही नव्हतं.

"आणि आई?"

"आई आपली साधीच. पण घट्ट."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि पुढे जे बोलले ते त्यांच्या नेहमीच्या सुरुवातीशिवाय बोलले. म्हणून ते मावशीला जास्त लागलं.

"मला हसलात, हसा. पण तुलनेचा वाफा म्हणजे सगळ्यांचा काटा. तुम्ही काट्यालाच हात घातलात. सहासष्टपासून चौऱ्याहत्तरपर्यंत माणसांनी वर्ष घालवलंय."

"चुकलं माझं," मावशी म्हणाली. ती साहेबांकडे नाही, टोपीकडे बघत म्हणाली. "तुझं वर्ष खाल्लं मी. मला फक्त त्यांचं तोंड बघायचं होतं. तुझा वाण शेजारी असेल हे डोक्यातच आलं नाही बघ."

टोपीने ओढलेल्या काड्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. "सर, ते सगळे वाफे रद्द करा. पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा पेरू. मी पेरते. आणि मावशींचा जवही त्यात घेऊ."

"तीनदा नापास झालेल्याला—"

"तीन कारणं एकमेकांना धरून नाहीत, सर. उंच आणि बुटका एकाच वेळी नापास कसा होईल? एक निकाल तरी खोटा आहे. मग तीन कुठे झाले? फार तर दोन."

साहेबांनी बोटांवर मोजून बघितलं. गणितात त्यांना खोट काढता येईना, आणि खोट नसलेल्या गणितापुढे हट्ट धरणारा हा माणूस नव्हता. एवढं मात्र त्यांचं मानावं लागेल. त्यांनी सहासष्ट ते चौऱ्याहत्तर या ओळींवर एक मोठा कंस काढून 'रद्द' लिहिलं.

"घ्या," ते म्हणाले. "पण लाडक्याची पाकिटं यापुढे मी भरणार." तो शब्द आपण स्वतः उच्चारला हे त्यांच्या लक्षात आलं ते दाराबाहेर गेल्यावर.

पुढच्या वसंतात मावशी घरी होती. भिंतीवर नवं घड्याळ होतं आणि ते रोज सात मिनिटं पुढे जात होतं. नवऱ्याच्या दुकानात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यांवर शेरे मारायची, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानेच तिला सांगितलं, "जा, तुझ्या शेताकडे एक फेरी मारून ये."

केंद्रात बरंच बदललं होतं. लाडका आता दर दहाव्या वाफ्यात नव्हता. टोपीने चिठ्ठ्या टाकून सगळ्यांच्या जागा ठरवल्या होत्या आणि ती यादी टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवली होती, म्हणजे साहेबांनाच काय, वाऱ्यालाही वाचता येऊ नये. साहेबांच्या पाहणीत पंचेचाळिसाव्या वाफ्यावर डबा खायची सुट्टी लिखित स्वरूपात मंजूर झाली होती.

"माझा कुठल्या वाफ्यात आहे गं?" मावशीने कुंपणावर हात ठेवून विचारलं.

"नाही सांगणार."

"मी तर नोकरीतसुद्धा नाही आता."

"म्हणूनच नाही सांगणार."

मावशी इरेला पेटली. आईला लेकरू ओळखता येत नाही म्हणजे काय. कणसं बाहेर पडल्यावर तिने अख्खं शेत तीन वेळा पालथं घातलं, वाकून, उभं राहून, उन्हाकडे तोंड करून, उन्हाकडे पाठ करून. शेवटी एकेचाळीसपाशी थांबली आणि कमरेवर हात ठेवले. "हा. बघ काडी. बघ तोरा. माझाच."

टोपीने टोपी काढली, आतली यादी बघितली, पुन्हा घातली. "हा सरांचा."

मावशी तडक घरी आली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "ऊन होतं डोळ्यावर."

पाहणीच्या दिवशी तिला कुंपणाच्या बाहेरच उभं केलं होतं, टोपीच्या हुकमाने. लांबून तिला फक्त साहेबांचं वाकणं आणि उठणं दिसत होतं. दुपारी टोपी शेतातून चालत आली, घामाने निथळलेली, कागद छातीशी धरून.

"गेल्या वर्षी अडुसष्टला होता तो माझा, आठ," ती म्हणाली.

"आणि?"

"तुमचा सात. वजनात उतरला, की पुढच्या वर्षी मोठ्या शेतात पेरायचा."

मावशीने कुंपणाचा खांब धरला. "काही बोलले?"

"बोलले. 'मी म्हणतो म्हणून नाही, पण हा कोणाचा आहे कोण जाणे. चांगला आहे.'"

मावशीने ते वाक्य साहेबांच्या आवाजात एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "आता तरी दाखव."

टोपीने तिला आत घेतलं आणि अठ्ठावन्न नंबरपाशी नेलं. याच वाफ्यापुढून मावशी तिन्ही फेऱ्यांत नाक वर करून गेली होती. जव शांतपणे उभा होता, कणसं खाली झुकवून, आणि वारा आला की सगळा मिळून एकदम सळसळत होता. मावशी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. एक काडी वाकवून बघितली, सोडली, ती पुन्हा उभी राहिली. मग तिने मान वळवून बघितलं, साहेब डबा धुवायला गेलेले दिसले, आणि तिचा हात आपोआप एका टपोऱ्या कणसाकडे गेला.

"मावशी," टोपी मागून म्हणाली. "अजून कापणी व्हायचीय. वजनात धरतात ते."

"तोडत नाहीये गं. बघतेय."

"बघायला डोळे पुरतात."

मावशीने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसली.